पेशी फसली की फुटली? हगवणीच्या जंतूंबद्दल एका आशाताईंना उत्तर

पलूस तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: "गावात गॅस्ट्रोची साथ आली की मी ओआरएसची पाकिटं वाटते. लोक म्हणतात, ह्या पावडरीच्या पाण्यानं हगवण थांबत तर नाही, मग प्यायचं कशाला? सलाईन लावा, नाहीतर गोळी द्या. एकाच घरात डॉक्टरांनी एकाला नुसतं ओआरएस दिलं आणि दुसऱ्याला अँटिबायोटिक. लोकांना काय सांगू? जंतू आतडं खातात म्हणतात, म्हणजे ते नेमकं करतात काय?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्यातच आहेत. जंतू आतडं खात नाहीत. काही जंतू आतड्याच्या पेशीला फसवतात. ते आत शिरत नाहीत, पेशी मरत नाही, दिसायलाही धडधाकट असते, पण उलटं काम करायला लागते. दुसरे काही जंतू पेशीत घुसतात आणि तिला फोडतात. एकाच घरात दोघांना दोन तऱ्हेचे उपचार मिळाले ते बहुधा ह्या फरकामुळे. पेशी फसली असेल तर गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढलं की माणूस वाचतो. पेशी फुटत असेल तर फोडणाऱ्याला मारावं लागतं.

मी सांगलीत २७ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते आहे. माझ्याकडे पेशंट येत नाही, त्याची डबी येते. कधी दवाखान्यातून दिलेली झाकणाची डबी, कधी घरातली लोणच्याची बाटली धुऊन आणलेली. डबीचं झाकण उघडल्यावर पहिल्या मिनिटात जे दिसतं त्यावरून पुढचं पुष्कळ कळतं, म्हणून मी तुम्हाला दोन डब्यांची गोष्ट सांगणार आहे. त्याआधी आतड्याबद्दल थोडं.

लहान आतड्याच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. भाकरीचा पापुद्रा त्याच्यापुढे कितीतरी जाड. एका बाजूला आपण खाल्लेलं सगळं, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त, आणि मध्ये ही एकेरी भिंत. पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या चिकटलेल्या असतात, वर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो, आणि दर ३ ते ५ दिवसांनी जुन्या पेशी गळून नव्या येतात. आपण दिवसभरात साधारण २ लिटर पाणी पितो. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस मिळून त्यात आणखी ६-७ लिटरची भर पडते. म्हणजे रोज एक कळशीभर पाणी आतड्यात उतरतं आणि ह्या एकेरी भिंतीतून जवळजवळ सगळं परत रक्तात ओढलं जातं. शौचावाटे जातं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. हा हिशोब थोडा बिघडला तरी किती पाणी बाहेर जाईल ते तुम्हीच बघा.

आता पहिली डबी. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात, गळीत हंगाम जोरात असताना, ऊसतोड टोळीच्या तळावरून एका बाईचा नमुना आला. दवाखान्यात आणली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती, मनगटाची नाडी हाताला लागत नव्हती. डबीत होतं ते तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी. थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पांढऱ्या पेशी नाहीत, तांबड्या पेशी नाहीत. लढाई झाल्याची एकही खूण नाही. फक्त स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू इकडून तिकडे बाणासारखे सुटत होते. त्यात पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूविरुद्धच्या सीरमचा, म्हणजे नेमक्या त्याच जंतूला पकडणाऱ्या द्रवाचा, एक थेंब मिसळला आणि ते सगळे जागच्या जागी थबकले. मी फोन उचलला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीत) पिवळ्या वसाहती उगवल्या तेव्हा खात्रीही झाली, पण तोवर बाईला दोन्ही हातांतून सलाईन चालू होतं. तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत तळावर गेली.

एखादं माणूस मरणाच्या दारात आणि त्याच्या आतड्याच्या पेशी मात्र शाबूत, हे मला आजही विलक्षण वाटतं. पटकीचा जंतू पेशीच्या आत पाऊलही टाकत नाही. तो वरून चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषाचे दोन भाग. पाच सारख्या तुकड्यांचं एक कडं, आणि त्या कड्यात बसवलेला एक कामाचा तुकडा. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर 'जीएम-वन' नावाचा, साखरेचा तुरा लावलेला एक स्निग्ध पदार्थ असतो. कडं त्याला धरतं, पेशी आपणहून ते सगळं आत घेते, आणि आत गेल्यावर कामाचा तुकडा सुटा होतो.

तो आत काय करतो ते समजायला तुमच्या शेतातली मोटार डोळ्यांसमोर आणा. पेशीतही एक स्टार्टर असतो. शरीराकडून निरोप आला की तो चालू होतो, आतड्यात थोडा रस सोडतो आणि आपला आपण बंद होतो. विषाचा तुकडा ह्या स्टार्टरवर एक रासायनिक गाठ मारतो आणि तो चालू स्थितीत अडकून बसतो. मग पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या पदार्थ वाढत जातो, क्लोराइड (मिठाचा एक भाग; दुसरा सोडियम) बाहेर सोडणारी झडप उघडी राहते, क्लोराइडच्या मागे सोडियम, सोडियमच्या मागे पाणी. शिवाय मीठ आत ओढण्याचा नेहमीचा एक रस्ताही बंद पडतो. मोटार बंद करायला कुणी नाही आणि पाटाला पाणी धो धो चाललंय, अशी गत. फक्त हे पाणी विहिरीतलं नाही, त्या माणसाच्या रक्तातलं आहे. जोराच्या पटकीत तासाला १ लिटरपर्यंत जाऊ शकतं. सकाळी उठून कामाला गेलेला गडी संध्याकाळपर्यंत दगावू शकतो तो ह्यामुळे.

हे विष आहे, जंतूचं आतडं कुरतडणं नाही, हे सिद्ध करणारा माणूस आपल्याकडचाच. जर्मनीच्या रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा केला आणि तो विष सोडत असावा असा कयासही मांडला. पण ते विष हाती लागायला ७५ वर्षं गेली. कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात हे जंतू वाढवलेलं पाणी सोडलं, तेही जंतू पूर्ण गाळून काढून. जंतू एकही नाही, तरी आतड्याचा तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ साली हे छापून आलं. अगदी साध्या साधनांनी झालेलं हे काम आमच्या विषयातलं मला सगळ्यात देखणं वाटतं. डे यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक असायला हवं होतं.

आता तुमच्या ओआरएसकडे येऊ. स्टार्टर अडकला, मीठ ओढणारा एक रस्ता बंद झाला, पण पेशीला आणखी एक दार आहे. ते दार ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतं; एक नसेल तर दुसऱ्याला घेत नाही. ह्या जोडीची कल्पना अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीच्या विषाला ह्या दाराचा पत्ताच नाही, ते शाबूत राहतं. म्हणून योग्य मापात मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी दिलं की ते ह्या दारातून रक्तात जातं, खाली धो धो चाललेलं असतानाही. नुसतं पाणी दिलं तर आत जायला जोडीदार नाही. नुसती साखर भरपूर दिली तर ती आतड्यात पडून राहते आणि उलट रक्तातलंच पाणी ओढून घेते. बाटलीतली गोड थंड पेयं जुलाबात देऊ नयेत असं आम्ही सांगतो ते ह्यासाठी. हल्लीच्या सूत्रानुसार १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्या. 'जरा दाट करून देते, ताकद येईल' म्हणणाऱ्या आजीला हे हात धरून सांगावं लागतं.

तर लोकांना हे सांगा, ताई: ओआरएसनं हगवण थांबत नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. ते त्यासाठी नाहीच. हगवण थांबेल तेव्हा थांबेल; फसलेल्या पेशी तीन-चार दिवसांत गळून जातात, नव्या येतात, जंतू वाहून जातो. तोवर माणूस कोरडा पडू द्यायचा नाही, एवढंच ओआरएसचं काम. आणि ते फार मोठं काम आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली तेव्हा सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि सोडा मोजून पुड्या बांधल्या, ड्रमांत पाणी कालवलं आणि आजाऱ्यांच्या घरच्यांनाच पाजायला लावलं. जिथे १०० पैकी ३० जण जात होते तिथे प्रमाण ४ च्या खाली आलं. हे काम डॉक्टरांनी नव्हे, आजाऱ्याच्या आईने, बहिणीने वाटी-चमच्याने केलं. तुम्ही गावात वाटता ती पाकिटं त्याच वाटेनं तुमच्यापर्यंत आली आहेत.

सलाईन लागतंच, पण ते कुणाला? जो पिऊ शकत नाही, ज्याची शुद्ध हरपत चालली आहे, नाडी लागत नाही, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, त्याला. अशाला तुम्ही घोट-घोट पाजत गाडीत घाला, पण शुद्धीवर असेल तरच. वाट बघत बसू नका. मोठ्या पटकीत डॉक्टर अँटिबायोटिकही देतात, त्यानं दिवस आणि पाणी दोन्ही कमी होतात. पण वाचवतं ते पाणीच.

साध्या पाण्यासारख्या हगवणीचं कारण म्हणून ई. कोलाय जंतूची एक जात पटकीपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडते. तिच्याकडे पटकीच्या विषाचं जवळजवळ जुळं भावंड आहे, आणि उकळूनही न मरणारं आणखी एक छोटं विष. परिणाम तोच, जोर कमी. उपचारही तोच. लहान मुलांना सोबत झिंक, ६ महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस पूर्ण. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात. भिंत नीट बांधून व्हायची असते म्हणून ते पुढे चालू ठेवायचं, हे कारण सांगितलं तर ऐकतात असा माझा अनुभव.

आता दुसरी डबी. सहा वर्षांची मुलगी. डबीत पाणी नाहीच, जेमतेम चमचाभर ऐवज, शेंबडासारखा आव आणि त्यात रक्ताच्या रेघा. आई सांगत होती, दिवसातून वीस वेळा बसते, कुंथते, रडते, आणि पडतं एवढंच. ताप १०३. आधी कुठेतरी जुलाब बंद करायची गोळी दिलेली, ती घेतल्यावर पोट फुगलेलं. काचेवर घेतलं तर सगळं क्षेत्र पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेलं, त्यांच्यात तांबड्या पेशी, आणि भल्यामोठ्या भक्षक पेशी. पहिल्या डबीत जिथे एकही सैनिक नव्हता तिथे इथे रणांगण पडलेलं.

हा शिगेला, रक्ती आवेचा जंतू. कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमधल्या साथीत शोधला. पटकी व्हायला सुदृढ माणसाच्या पोटात साधारण १० कोटी जंतू जावे लागतात, कारण जठरातलं आम्ल बहुतेकांना मारतं. (रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचं हे कुंपण खाली आलेलं असतं, त्यांना बरेच कमी पुरतात.) शिगेला मात्र आम्लाला दाद देत नाही, १० ते १०० जंतू पुरे होतात. एवढे तर न धुतलेल्या नखाखाली सहज मावतात. म्हणून पटकी पाण्यातून पसरते आणि रक्ती आव पाण्यातून तर येतेच, शिवाय हातांतून, घरातल्या घरात, अंगणवाडीत.

शिगेलाची चाल अशी. तो समोरच्या दारानं येत नाही. आतड्याच्या भिंतीत अधूनमधून काही खास पेशी असतात, त्यांचं काम आतड्यातल्या मालाचा नमुना उचलून मागे बसलेल्या पहारेकऱ्यांना दाखवायचं. शिगेला त्यांच्यातून पलीकडे उतरतो. पहारेकरी भक्षक पेशी त्याला गिळते, आणि तो तिलाच आतून फोडतो. फुटताना ती धोक्याची घंटा वाजवते आणि रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज धावून येते. तोवर शिगेला भिंतीच्या मागच्या बाजूनं अस्तराच्या पेशींत शिरू लागलेला असतो. त्यासाठी त्याच्याकडे ५०-६० नॅनोमीटर लांबीची, खरोखर इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई असते. ती पेशीला टोचून तो आपली प्रथिनं आत सोडतो, आणि पेशी आपला सांगाडा मोडून, पडदा उचलून त्याला स्वतःच आत घेते. आत गेल्यावर तो ज्या पिशवीत असतो ती फाडून बाहेर येतो.

पुढचा भाग मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा वर्ग शांत होतो. शिगेलाला पोहायला शेपटी नसते. तो पेशीच्या सांगाड्याचाच ॲक्टिन नावाचा धागा आपल्या एका टोकाला जुळवत जातो, त्या वाढत्या धाग्याच्या रेट्यानं पुढे ढकलला जातो आणि थेट शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेर येतच नाही, त्यामुळे फौजेला दिसत नाही. एका घराची भिंत पाडून दुसऱ्या घरात, दुसऱ्याची पाडून तिसऱ्यात. मागे मेलेल्या पेशी पडत जातात. आणि धावून आलेली फौज पेशींमधली शिवण उसवून आतड्यात उतरते, त्या उसवलेल्या जागेतून आणखी जंतू मागे जातात. आतड्याला जखमा होतात त्या निम्म्या जंतूनं केलेल्या आणि निम्म्या आपल्याच फौजेच्या झटापटीत झालेल्या. आव म्हणजे तो चिकट श्लेष्मा, रक्त आणि मेलेले सैनिक.

म्हणून इथे जुलाब बंद करायची गोळी घातक. ती आतड्याची हालचाल थांबवते. बाहेर जाणारे जंतू आणि विष आतच कोंडून ठेवते. ह्या मुलीला योग्य अँटिबायोटिक मिळालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पण प्लेटवर तिच्या जंतूला पूर्वी हमखास चालणारी दोन औषधं लागू पडली नव्हती. ही गोष्ट मला दर वर्षी जास्त छळते. साध्या पाण्यासारख्या हगवणीत, जिथे गरजच नसते तिथे गोळ्या खाऊन खाऊन आपण रक्ती आवेच्या गोळ्या बोथट केल्या आहेत.

शिगेलाची एक जात आणि ई. कोलायची एक जात आणखी एक विष सोडतात, त्याला शिगा विषच म्हणतात. पेशीत प्रथिनं तयार करणारे जे कारखाने असतात त्यांच्या गाभ्यातला एकच विशिष्ट कण ते उपटून टाकतं आणि कारखाना कायमचा बंद पडतो. एरंडाच्या बीमधलं विष अगदी त्याच जागचा तोच कण उपटतं. बांधावरचं झाड आणि आतड्यातला जंतू, दोघांनी एकच मर्मस्थान शोधून काढावं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी किती वेळ नुसती बसून होते. हे विष आतड्यातून रक्तात गेलं तर मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना धरतं. मुलाचे जुलाब बरे होत आलेत, आणि आठवड्याभरात ते पांढरंफटक पडतं, चेहरा सुजतो, लघवी कमी होते. असं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. ई. कोलायच्या ह्या जातीत अँटिबायोटिक टाळतात, कारण मरता मरता जंतू जास्त विष सोडू शकतो. तेव्हा रक्त पडतंय म्हणजे दुकानातून आणून गोळी घ्या, असा सोपा हिशोबही नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

तान्ह्या मुलांत लांबलेल्या जुलाबांचं कारण असलेली ई. कोलायची अजून एक जात आहे, तिची रीत थक्क करणारी. पेशीवर बसायला जागा नाही, तर ती आपल्याच सुईनं पेशीत एक प्रथिन सोडते, पेशी ते आपल्या पडद्यावर लावते, आणि जंतू त्याला पकडून बसतो. म्हणजे खुंटी पण स्वतःच आणलेली. तिथल्या पेशीवरची शोषणाची बारीक लव झडून जाते आणि मुलाला दूध पचेनासं होतं.

टायफॉइड वेगळाच. त्याला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणतात, आणि लोकांना तो आतड्याचा आजार वाटतच नाही, कारण पुष्कळांना जुलाब होत नाहीत, उलट कोठा धरतो. तो शिगेलासारखाच त्या नमुने उचलणाऱ्या पेशींतून उतरतो, पण आरडाओरडा करत नाही. भक्षक पेशीला फोडायच्या ऐवजी तिच्या पोटात गुपचूप राहतो. ज्या पिशवीत तिनं त्याला कोंडलं, तिच्यात पचवणारे रस येऊ देत नाही. अंगावर एक पांघरूण असतं त्यामुळे ओळखूही येत नाही. पहारेकऱ्याच्याच गाडीत बसून यकृत, प्लीहा, हाडांचा मगज असा फिरतो, आठवडा-दोन आठवडे वाढतो, मग ताप चढतो. पित्ताशयातून तो परत आतड्यात उतरतो आणि आधीच चिडलेल्या त्या जागांवर दुसरा घाव बसतो. उपचार न झालेल्या टायफॉइडमध्ये तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडतं ते इथे. ताप उतरायला लागला आणि एकदम पोट दगडासारखं झालं, तर थांबू नका. काहींच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं राहतो, विशेषतः खडे असतील तर, आणि तो माणूस ठणठणीत असूनही त्याच्या हातचं खाणारे आजारी पडतात. टायफॉइडसाठी करतात त्या विडाल नावाच्या रक्तचाचणीवर फार भिस्त ठेवू नका. पहिल्या आठवड्यात, औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) हीच खरी तपासणी. लस चांगली आहे, ६ महिन्यांच्या बाळापासून देता येते.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सांगलीतही सगळे विचारत होते, जुलाबानं माणूस लुळा कसा पडतो? तिथल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. हा जंतू आतड्याला जखम करतोच, पण त्याच्या अंगावरचा साखरेचा तुरा आपल्या नसांवरच्या तुऱ्यासारखा दिसतो. तोच तो जीएम-वन, ज्याला पटकीचं विष धरतं. शरीर जंतूविरुद्ध हत्यार तयार करतं आणि एक-दोन आठवड्यांनी तेच हत्यार नसांवर चालतं. हजारात एखाद्यालाच होतं, बहुतेक जण बरेही होतात. जुलाबानंतर पायांत मुंग्या येऊन ताकद जायला लागली तर मात्र लगेच दाखवायचं.

जत्रेत किंवा लग्नात जेवून दोन-चार तासांत सगळ्यांनाच उलट्या झाल्या, तर तिथे जंतूनं पोटात काही केलेलंच नसतं. विष खव्यात, बासुंदीत, उरलेल्या भातात आधीच तयार झालेलं असतं, आणि पुन्हा गरम करून ते जात नाही. एका दिवसात निवळतं.

राहिला प्रश्न तुम्ही काय करायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आणि पाणी उतरल्यावर विहिरी, बोअर, नळाच्या फुटलेल्या जोडण्या, सगळ्यांत मैला मिसळलेला होता. तेव्हा जे कळलं ते दर पावसाळ्यात लागू पडतं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली एवढ्यावर थांबू नका. जलसुरक्षकाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग दाखवणारी चाचणी) गावाच्या शेवटच्या नळावर करायला लावा. टाकीजवळ रंग पिवळा येतो आणि शेवटच्या आळीत पाणी पांढरंच राहतं, असं मी कितीदा ऐकलं आहे. ऊसतोड मजुरांच्या कोप्या तर कुठल्याच नळावर नसतात. त्यांना मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाच्या) बाटल्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात पोचवा. रसवंतीतला बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का, हेही विचारत जा.

आणि नमुना पाठवायचा असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी घ्या. डबी कोरडी हवी, फिनेल किंवा साबणाचा अंश नको, लघवी मिसळलेली नको. रक्त-आव दिसत असेल तर नेमका तोच भाग उचला. दोन तासांत पोचणार नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून कॅरी-ब्लेअरची (वाटेत जंतू जिवंत ठेवणारी) नळी मागून घ्या, कारण शिगेला डबीत फार लवकर मरतो आणि मग मी 'काही वाढलं नाही' असा निकाल देते, जो खोटा नसतो पण तुमच्या कामाचाही नसतो. डबीवर नावासोबत नमुना घेतल्याची वेळ लिहा, आणि एखादी गोळी आधी दिली गेली असेल तर तिचं नावही.